पुणे ते म्हापसा गाडीने जातोय, वाटेत कोकणात एकच मोठा मुक्काम करायचाय: गुहागर की गणपतीपुळे?

बाई_निवृत्त

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं, मी ६७ आणि हे ७१, दिवाळीनंतर आपल्या गाडीने म्हापशाला लेकीकडे निघणार आहोत. दरवेळी रात्रीची ट्रॅव्हल्स नाहीतर रेल्वे असते, म्हणजे डोळे मिटायचे ते थेट गोव्यात उघडायचे, आणि मधलं कोकण फक्त खिडकीतून दिसतं तेही दिसलं तर. आता ह्यांची पेन्शन, माझी पेन्शन, कोणाला दहाच्या आत पोचायचं नाही, तर ह्यावेळी वाटेत समुद्रकाठी एका जागी चार-पाच दिवस नुसतं राहायचं असं ठरवलंय. एकाच जागी हं. रोज बॅगा भरून पुढच्या गावी पळणं आता जमत नाही आणि हौसही नाही.

अडचणी सांगते म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर तासभर आरामात चालते पण जिने आणि भुसभुशीत वाळू नको वाटते. ह्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, तब्येत छान आहे, गाडी उत्तम चालवतात, फक्त अंधार पडल्यावर समोरच्या दिव्यांचा त्रास होतो म्हणून सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचायचंच. जेवण शाकाहारी, घरगुती असलं तर फारच उत्तम. गर्दी, डीजे, वॉटर स्पोर्ट्सवाले मागे लागणं हे नको.

भाचा म्हणतो गणपतीपुळे, शेजारच्या वहिनी म्हणतात गुहागर, आणि लेक म्हणते आई सरळ रत्नागिरीत चांगल्या हॉटेलात राहा. मी तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे मालगुंडला केशवसुतांचं गाव बघायचं हे मात्र माझ्याकडून पक्कं आहे, बाकी तुम्ही सांगाल तसं. फेरीबोटीत गाडी चढवायची ह्यांना जरा धाकधूक वाटते, त्याबद्दलही कोणी नीट सांगितलं तर बरं होईल.

घाटवाट

काकू, आधी रस्त्याचं सांगतो कारण पहिला दिवस नीट गेला की पुढचं सगळं नीट जातं. पुण्याहून सातारा, पुढे उंब्रजला उजवीकडे वळून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, खाली पोफळी, अलोरे करत चिपळूण. चिपळूणहून गुहागर साधारण ४५ किमी. सगळं मिळून अडीचशेच्या वर जातं, सकाळी सहाला निघालात तर थांबत थांबतसुद्धा तीन-चारपर्यंत समुद्र दिसतो. ताम्हिणीतून माणगाव, मंडणगड, दापोली असंही जाता येतं, सुंदर आहे पण वळणं संपतच नाहीत आणि काकांनी एकट्याने चालवायची असेल तर मी कुंभार्लीच सांगेन.

नाश्ता उंब्रजच्या आधी हायवेवरच उरकून घ्या, स्वच्छ टॉयलेट तिथेच मिळतात, आत वळल्यावर सोय कमी. कोयनानगरला थांबून पाय मोकळे करा आणि मग घाट उतरा. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवायची, सारखा ब्रेकवर पाय नको, हे काकांना माहीत असेलच तरी लिहितो कारण अवजड ट्रक पुढे असला की आपोआप ब्रेकवर पाय जातो. चिपळूणला टाकी फुल करून घ्या. गुहागरच्या अलीकडे शृंगारतळी म्हणून बाजारपेठेचं गाव आहे, एटीएम, औषधं, फळं काय लागेल ते तिथे घ्या.

खालचापाट

मी गुहागरचाच आहे, त्यामुळे आमच्या गावाकडे माझा कल असणार हे उघड आहे, पण तुमचा गुडघा आणि तुमची गर्दीची नावड वाचून अगदी मनापासून सांगतो की गुहागरला या.

गावाची रचनाच अशी आहे की तुम्हाला चढ-उतार फारसा लागत नाही. एक लांबलचक रस्ता, मध्यभागी व्याडेश्वराचं देऊळ, एका बाजूला वरचा पाट, दुसऱ्या बाजूला खालचा पाट, आणि रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला घरं. घराच्या मागे आगर, म्हणजे नारळ-पोफळीची वाडी, आणि आगर संपलं की बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, बेडं ओलांडलं की सुरूची झाडं आणि लगेच पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. म्हणजे समुद्रावर जायला गाडी काढायची नाही, पार्किंग शोधायचं नाही, चप्पल घालायची आणि आगरातून सावलीसावलीने चालत जायचं, पायाखाली पोफळीची वाळलेली झापं वाजतात, पाटाचं पाणी झुळझुळत असतं, आणि आगराच्या टोकाला आलं की गाज एकदम मोठी होते. असं घर निवडा जिथे आगरातूनच समुद्राकडे वाट आहे. फोन करताना हाच प्रश्न पहिला विचारा, एसी आहे का हा नंतर.

किनारा कित्येक किलोमीटर लांब आणि सरळ आहे, त्यामुळे मेन चौपाटीपाशी संध्याकाळी माणसं असली तरी दहा मिनिटं बाजूला चालत गेलं की तुम्ही दोघंच. वरच्या पाटात दुर्गादेवीचं देऊळ आहे, तिथल्या तळ्यापाशी सकाळी बसायला फार छान वाटतं.

आता खरी गोष्ट सांगतो, जी हॉटेलवाले सांगत नाहीत. तिथी बघून या. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी साडेअकरा-बाराच्या आसपास, म्हणजे सहा तासांनी, सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. रोज साधारण पाऊण तासाने वेळ पुढे सरकते. हिशोब अंदाजाचाच आहे, थोडं पुढेमागे होतं, पण मुक्काम ठरवायला पुरेसा आहे.

तुम्हाला ह्याचा उपयोग असा की भरतीच्या वेळी चालायला उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत वाळू, जिचा तुम्हाला त्रास होतो. ओहोटीला पाणी लांब जातं आणि मागे उरते ती ओली, घट्ट, सपाट पुळण, तिच्यावर पाय रुततच नाही. आणि पौर्णिमेच्या आसपास ही पुळण नेमकी तुम्हाला हवी तेव्हा मिळते, उजाडताना आणि सूर्य मावळताना. वर त्याच संध्याकाळी समोर सूर्य बुडत असतो आणि मागे आगरांवरून चंद्र वर येत असतो. एवढं सगळं एका वेळी अष्टमीला येऊन मिळणार नाही.

दिवाळीनंतर म्हणताय तर त्रिपुरी पौर्णिमा बघा, तोवर शाळांच्या सुट्ट्याही संपत आलेल्या असतात. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी या. देवळांमधून त्या रात्री दिवे लावतात, तेही बघायला मिळेल.

रत्नांग्रीकर_७२

बाई, मी तुमच्या लेकीच्या बाजूने बोलतो, कारण माझं वय ७२ आणि अँजिओप्लास्टी मलाही झालेली आहे. गुहागर सुंदर आहे ह्यात वादच नाही, पण हृदयाची पूर्वीची हिस्ट्री असलेल्या माणसाने रात्री काही झालं तर कुठे जायचं हे आधी ठरवूनच मुक्काम करावा. रत्नागिरीत सिव्हिल आहे, खाजगी हॉस्पिटलं आहेत, लिफ्ट असलेली हॉटेलं आहेत. आणि गाव काही कमी नाही, थिबा राजवाडा आहे, ब्रह्मदेशचा राजा १८८५ साली पदच्युत होऊन हद्दपार झाला तो शेवटी इथेच राहिला आणि १९१६ साली इथेच गेला. राजाराणी दोघंही इथे राहिली, आणि राजाला आपला देश परत कधी दिसला नाही, त्या वाड्याच्या गॅलरीतून खाडी बघताना मला दरवेळी फार वाईट वाटतं. टिळकांचं जन्मघर आहे, भगवती किल्ला आहे, आणि पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी, तिथली शांतता तुम्हा दोघांना नक्की आवडेल.

गणपतीपुळ्याचं म्हणाल तर दर्शनाला अवश्य जा, मुक्कामाला नको. देवळाच्या दारातच समुद्र आहे, दृश्य अप्रतिम, पण गर्दीही तिथेच असते आणि तुम्हाला नको असलेली वॉटर स्पोर्ट्सवाली मंडळीही तिथेच. आणि एक गोष्ट प्रत्येकाला सांगतो, तिथला समुद्र फसवा आहे, पाण्याला आतून ओढ आहे, गुडघाभर पाण्याच्या पुढे कोणीही जाऊ नये, पोहणाऱ्यानेसुद्धा. दरवर्षी माणसं जातात हो.

खालचापाट

काका, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, त्यामुळे टाळत नाही. गुहागरात ग्रामीण रुग्णालय आहे, प्रथमोपचार होतात, पण हृदयाचं मोठं काही असेल तर चिपळूण किंवा सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल गाठावं लागतं, आणि चिपळूणपर्यंतच तास-सव्वा तास धरायचा. हे स्वीकारून यायचं की नाही ते ज्याचं त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

फिजिओ_नाशिक

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज गुडघ्याचेच पेशंट बघते, त्यामुळे दोन शब्द. घट्ट ओल्या वाळूवर चालायला हरकत नाही, पण शक्यतो पायात पट्ट्याचे सँडल ठेवा, अनवाणी नको. किनारा समुद्राकडे थोडा कललेला असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली राहतो. म्हणून अर्धा वेळ एका दिशेने चालून तेवढंच परत या, म्हणजे दोन्ही गुडघ्यांवर भार सारखा पडतो. एका दमात तास नको, वीस मिनिटं झाली की बसा. घडीची खुर्ची गाडीत टाकाच, खाली वाळूत बसून उठणं हे चालण्यापेक्षा जास्त अवघड जातं.

खोली घेताना तळमजला, वेस्टर्न कमोड, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का (नसली तर प्लॅस्टिकचं वजनदार स्टूल तरी), फरशी घसरडी आहे का, पलंगाची उंची किती हे सगळं फोनवरच विचारून घ्या. फोटो मागवा, लाजू नका. कोकणातल्या जुन्या घरांना ओटीवर चढायला उंच पायऱ्या असतात आणि कठडा नसतो, ते खास विचारा.

गाडीत दर दीड तासाने उतरून पाच मिनिटं चाला, दोघांनीही. काकांच्या हृदयाच्या गोळ्या हँडबॅगेत, डिकीतल्या बॅगेत नाही, आणि शेवटचा ईसीजी आणि डिस्चार्ज पेपरचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये. अ‍ॅम्ब्युलन्सला १०८ लक्षात असतोच. कार्डिओलॉजिस्टना जायच्या आधी एकदा दाखवा, ते हो म्हणाले की मग निर्धास्त जा, नुसत्या भीतीपोटी घरी बसणं हेही तब्येतीला चांगलं नाही असं मला अगदी ठामपणे वाटतं.

बाई_निवृत्त

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. ह्यांना सगळं वाचून दाखवलं. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात होतीच, त्यांना विचारूनच ठरवू. ते हो म्हणाले तर गुहागरात मुक्काम आणि पुढे एक रात्र रत्नागिरीत, म्हणजे रत्नांग्रीकर भाऊंचंही ऐकलं जाईल आणि थिबा राजाचा वाडाही बघून होईल, असा विचार चाललाय. तिथीचं गणित तर मला फारच आवडलं, भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्रिपुरी पौर्णिमा बघितली लगेच.

आता दोन शंका. गुहागरात चार दिवस बसून आजूबाजूला काय बघण्यासारखं आहे, म्हणजे जिथे गाडी अगदी जवळ जाते असं. आणि फेरीबोटीचं अजून कोणी सांगितलं नाही.

खालचापाट

बाई, एक दिवस अंजनवेलला जा, टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह दोन्ही कड्यावर आहेत, गाडी जवळ जाते. खाली वाशिष्ठी समुद्राला मिळते ते मुख दिसतं, पलीकडे दाभोळ. तिथे नुसतं तासभर बसलात तरी बोटी येताजाताना दिसतात. गोपाळगड त्याच वाटेवर आहे, आत नाही गेलात तरी खंदक आणि तटबंदी बाहेरून बघता येते.

दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर आणि हेदवी, एकाच रस्त्यावर आहेत. वेळणेश्वरला शंकराचं देऊळ अगदी किनाऱ्याला लागून, माडांच्या सावलीत. हेदवीचा दशभुज गणपती टेकडीच्या उतारावर आहे, गाडी वर देवळाजवळ जाते, मग थोड्या पायऱ्या उरतात, त्या सावकाश चढा. हेदवीलाच बामणघळ आहे. उमामहेश्वराच्या देवळापाशी खडकाला एक अरुंद लांब भेग पडलीय, भरतीचं पाणी त्या भेगेत घुसतं, पुढे जागा नाही म्हणून उसळून सरळ वर उडतं, आवाज छातीत बसतो. ओहोटीला गेलात तर नुसता खडक बघून याल. तुम्ही पौर्णिमेला असाल तर भरती दुपारी बाराच्या सुमाराला, तेव्हा आधी हेदवीचं दर्शन घ्यायचं आणि साडेअकराला बामणघळीवर पोचायचं. पण तिथले खडक ओबडधोबड आणि शेवाळलेले आहेत, तुम्ही देवळाजवळूनच बघा, कडेपर्यंत अजिबात जाऊ नका. लाट अंदाज देऊन येत नाही.

बाकीचे दिवस काहीच करू नका. सकाळी पुळणीवर, मग गरम घावन किंवा आंबोळी, दुपारी ओटीवर वाचत पडायचं, चारला चहा, परत पुळणीवर. जेवायचं आदल्या दिवशी सांगून ठेवलं की वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी असं साधं करून देतात. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगा, ऐनवेळी नाही मिळत. तिखट कमी हवं असेल तर तेही सांगा.

घाटवाट

फेरीबोटीचं मी सांगतो. हेदवीवरून पुढे तवसाळला जायचं, तिथून शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड. बोटीत चारचाकी, बाईक, माणसं, टेम्पो सगळं जातं, प्रत्यक्ष खाडी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं. नाहीतर परत चिपळूण, संगमेश्वर, निवळी असा मोठा फेरा पडतो.

चढवणं अवघड नाही. बोटीवरची पोरं समोर उभी राहून हाताने खुणा करतात, काकांनी फक्त त्यांच्याकडे बघायचं, आजूबाजूला हॉर्न वाजवणाऱ्यांकडे नाही. कधी रिव्हर्स घ्यायला सांगतात, ती पोरं मागे उभी राहून घेऊन देतात. पूर्ण ओहोटीला बोटीची फळी आणि धक्का ह्यांच्यातला उतार जास्त असतो, लहान गाडीची खालची बाजू घासू शकते, म्हणून पाणी जरा भरलेलं असताना ओलांडा, इथेही पाऊणपटचं गणित कामाला येतं. काकू, गाडी चढताना तुम्ही आधीच उतरून चालत बोटीत जा, गाडी लागली की बाजूच्या गाडीमुळे दार पूर्ण उघडत नाही आणि तुम्हाला गुडघा वाकवून बाहेर निघणं त्रासाचं होईल. हँडब्रेक आणि गिअर दोन्ही लावून ठेवायचे. वेळापत्रक तुमच्या घरमालकांना आदल्या दिवशी फोन करून विचारायला सांगा.

तरीही काकांना नकोच वाटली बोट, तर आबलोलीकडून भातगावच्या पुलावरून खाडी ओलांडून राई, जाकादेवी करत गणपतीपुळ्याला पोचता येतं. रस्ता आतला आहे, पण दिवसाउजेडी काही अडचण नाही.

रत्नांग्रीकर_७२

जयगडला उतरलात की पुढे मालगुंड वाटेवरच आहे, गणपतीपुळ्याच्या अगदी अलीकडे. केशवसुत १८६६ साली जन्मले ते ह्या गावाशी जोडलेले, वडील शिक्षक. स्मारक नीट ठेवलंय, कौलारू घर, शेणाने सारवलेली जमीन, आणि त्यांच्या कविता दगडांवर कोरून लावल्यात, चालत चालत वाचता येतात. तुम्ही शिकवलेल्या ओळी तिथे उभं राहून मोठ्याने वाचा, कोणी हसणार नाही. अर्धा-पाऊण तास धरू नका, तुमच्यासाठी दीड तास धरा.

पौर्णिमेनंतर संकष्टी येते, त्या दिवशी पुळ्याला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत तिथून पुढे सरका. रत्नागिरीला येताना हायवेला न जाता आरे-वारेच्या रस्त्याने या. एका वळणावर दोन्ही बाजूंचे किनारे एकदम खाली दिसतात. गाडी बाजूला नीट जागा असेल तिथेच लावा, वळणावर थांबून फोटो काढणारे फार आहेत. काकांना सूर्य मावळायच्या आत पोचायचंय, तेव्हा पुळ्याहून चारला निघालात की पुरे.

रत्नागिरी ते म्हापसा हातखंबा, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असा एका दिवसाचा रस्ता आहे, सकाळी लवकर निघा. पावस करायचं असेल तर आदल्या दिवशी सकाळीच करून या, दुपारचा प्रसाद घ्या.

बाई_निवृत्त

फेरीबोटीचं वाचल्यावर हे म्हणाले, जाऊया की बोटीनेच, त्यात काय. मी आधी उतरून चालत जाईन हे ठरलं. दीड तास मालगुंडला दिल्याबद्दल रत्नांग्रीकर भाऊंचे विशेष आभार, ह्यांना आताच सांगून ठेवलंय की तिथे घाई करायची नाही.

खालचापाट, एक शेवटचं विचारते. आगरातून समुद्राकडे वाट असलेली, तळमजल्याची खोली आणि ओटीला कठडा, एवढं सगळं एका घरात मिळेल का? नसेल तर ह्यातलं काय सोडावं?

खालचापाट

मिळतं, पण पौर्णिमा धरून येताय तर महिनाभर आधी फोन सुरू करा. सोडायचंच असेल तर एसी सोडा, अ‍ॅटॅच गिझर सोडा, गरम पाणी बंबातलं बादलीने आणून देतात. आगराची वाट आणि तळमजला सोडू नका. कठड्याचं असं करा, घरमालकांना सांगितलंत तर पायरीपाशी एक बांबू घट्ट रोवून देतील धरायला, आमच्या घरी आजीसाठी असाच लावलेला होता, पाच मिनिटांचं काम आहे. आणि निघायच्या दिवशी सकाळी फोन करा, चिपळूण ते गुहागर रस्त्याचं काम कुठे चालू आहे का ते घरमालकच सगळ्यात नीट सांगतात.